केनिया-टांझानिया सफारी: सिंहाची भीती कमी, रस्त्याची आणि घाईची जास्त बाळगा

प्रश्न असा आहे: ऑगस्टमध्ये केनियातलं मसाई मारा आणि नैवाशा, मग टांझानियातलं सेरेंगेटी आणि न्गोरोन्गोरो असा प्रवास ठरतो आहे. सोबत साठी ओलांडलेले आई-वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा. छत उघडणाऱ्या गाडीतून सिंह बघायचे, कुंपण नसलेल्या तंबूत झोपायचं, हे कितपत सुरक्षित? काय तयारी करावी?

आधी क्रम लावून घेऊ. या सहलीत सर्वांत मोठा धोका रस्त्याचा, त्याखालोखाल मलेरियाचा. जनावरांचा नंबर त्यानंतर लागतो. त्यातही माणसं दगावतात ती बहुतेक गाडीबाहेर, नाहीतर ड्रायव्हरला ‘अजून थोडं पुढे घ्या ना’ म्हणून भरीस घातल्यावर. तयारीही याच क्रमाने करा. बहुतेक कुटुंबं नेमकं उलटं करतात: सिंहाची धास्ती घेतात आणि सीटबेल्टकडे काणाडोळा करतात.

रस्ता आणि गाडी

नैरोबी ते मसाई मारा साधारण २७० किलोमीटर, पाच ते सहा तास. माई माहियूचा घाट उतरून नारोकमार्गे जायचं. घाटात ट्रक आणि ट्रेलर रांगेने असतात आणि ओव्हरटेकिंग बेदरकार चालतं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे डोळ्यांना काही वेगळं वाटत नाही आणि माणूस गाफील राहतो. जून २०२५ मध्ये कतारहून केनियात फिरायला आलेल्या भारतीयांची बस न्यानदारुआ कौंटीत उलटली आणि त्यात पर्यटकांचे जीव गेले. तिथे ना सिंह होता, ना हत्ती.

म्हणून कार्यक्रमपत्रिका हातात आली की आधी वेळा बघा. विषुववृत्ताजवळ वर्षभर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच गडद अंधार पडतो. नैरोबीहून सकाळी सात-आठला निघून चारच्या आत कॅम्पवर पोचणं हा सरळ हिशोब. मुंबईहून विमान दुपारी पोचत असेल आणि एजंट ‘त्याच दिवशी मारा’ म्हणत असेल, तर नैरोबीत एक मुक्काम वाढवून मागा. पहाटे तुम्हाला विमानतळावरून घेणाऱ्या ड्रायव्हरनेच पुढचे सहा तास गाडी चालवायची आहे का, तेही विचारा. झोप न झालेला ड्रायव्हर हा या प्रवासातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे.

माऱ्याहून सेरेंगेटीला ‘शेजारीच तर आहे’ म्हणून सरळ जाता येत नाही. आतून सीमा ओलांडणं पर्यटकांना बंद आहे. इसेबानिया-सिरारी नाक्यावरून वळसा घालावा लागतो, तिथे सहसा गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही बदलतात आणि अख्खा दिवस जातो. वडीलधाऱ्यांना हा दिवस फार जड जातो. पैसे असतील तर याच टप्प्यावर छोट्या विमानासाठी खर्च करा. सामानाची मर्यादा मात्र माणशी १५ किलो, बहुतेकदा हातातल्या पिशवीसकट. बॅग मऊ हवी, चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटात मावत नाही.

व्हॅन स्वस्त पडते, पण लँड क्रूझर घ्या. माऱ्याची जमीन म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती समजा. एक जोरदार सर आली की व्हॅन रुतते आणि तिला ढकलायला गाडीबाहेर उतरावं लागतं. नेमकं तेच टाळायचं आहे. बुकिंग करताना एजंटला लेखी विचारा: प्रत्येक सीटला चालू सीटबेल्ट आहे का, दोन स्टेपनी आहेत का, रेडिओ, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी आहे का? नऊ वर्षांच्या मुलाला बेल्ट गळ्यावर येत असेल तर बूस्टर सीट घरूनच न्या. तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

छत वर केलेल्या गाडीत इजा होतात त्या जनावरांमुळे नाही, धक्क्यांमुळे. खडबडीत रस्त्यावर गाडी उसळली की डोकं छताच्या लोखंडी दांड्यावर आदळतं किंवा कंबर धरते. इथले ड्रायव्हर याला हसत हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला किंवा गरोदर बाईला त्यात हसण्यासारखं काही नाही. नियम साधा ठेवा: गाडी चालू असताना सगळे बसलेले आणि बेल्ट लावलेले, थांबल्यावरच उभं राहायचं. उभं राहताना गुडघे किंचित वाकवा आणि एक हात दांड्यावर ठेवा. मुलाला सीटवर उभं करायचं असेल तर बूट काढून आणि कुणीतरी कमरेला धरूनच. छताच्या पत्र्यावर बसायचं नाही. काटेरी बाभळीची फांदी तोंडावर कधी येईल याचा नेम नसतो. आई-वडिलांना मधल्या सीट द्या, मागच्या चाकावरच्या सीटला सर्वांत जास्त हिसके बसतात.

ड्रायव्हर-गाइड

तुमची सुरक्षितता शेवटी याच माणसाच्या हातात असते. केनियात केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे दर्जे देते. निदान ब्राँझ दर्जाचा गाइड मागा. कंपनी केनियात ‘काटो’ची किंवा टांझानियात ‘टाटो’ची, म्हणजे तिथल्या सहल कंपन्यांच्या संघटनेची, सदस्य आहे का, तेही बघा. भारतीय एजंटकडून बुकिंग करत असाल तर तिथली प्रत्यक्ष कंपनी कोणती, तिचं नाव व्हाउचरवर लिहून घ्या.

आता जरा अवघड गोष्ट. ड्रायव्हरच्या मिळकतीत टिपचा वाटा मोठा असतो आणि रेडिओवर ‘बिबट्या दिसला’ ऐकू आलं की सगळ्या गाड्या सुसाट निघतात. राष्ट्रीय उद्यानांत वेगमर्यादा केनियात ताशी ४०, तर सेरेंगेटीत ५० किलोमीटर. ती का मोडते? मागच्या सीटवरून ‘चला, चला’ चालू असतं म्हणून. पहिल्याच सकाळी स्पष्ट सांगून टाका: टिप ठरलेली आहे, सिंह दिसो न दिसो, कुणाच्या पुढे जायचं नाही, रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही. गवतात रानडुकरांची आणि आर्डवार्कची (वाळवी-मुंग्या खाणारा प्राणी) बिळं असतात, त्यात चाक गेलं की गाडी कलंडते. वेग वाढला तर ‘पोले पोले’ म्हणा, म्हणजे हळूहळू. हा शब्द तिथे रोजचा आहे, कुणाला राग येत नाही.

ऑगस्टमधली मोठी गर्दी मारा नदीवर. नदी ओलांडायला विल्डबीस्टचे (गाईएवढ्या आफ्रिकी हरणांचे) कळप काठावर जमतात आणि समोर गाड्यांची भिंत उभी राहते. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीच्या बाजूला पर्यटक गाडीतून उतरून काठावर उभे राहिले आणि कळपाची वाटच अडली. त्यावर बराच गदारोळ झाला. कळपाचे पुढचे प्राणी पाण्यात उतरेपर्यंत गाडी काठापासून मागेच हवी. आधीच पुढे गेलात तर कळप मागे फिरतो किंवा बिथरून गाड्यांमध्ये घुसतो. तुमचा ड्रायव्हर मागे थांबला तर समजा, तुम्हाला चांगला माणूस मिळाला आहे.

जनावरं

सिंह गाडीतल्या माणसांकडे दुर्लक्ष करतो, कारण गाडी हा त्याच्या लेखी एकसंध, ओळखीचा आणि निरुपद्रवी आकार असतो. हात बाहेर लोंबला, कुणी खाली उतरलं किंवा मुलाने किंकाळी फोडली की तो आकार मोडतो. काच पूर्ण खाली नको, अर्धी पुरे. जून २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या एका लायन पार्कमध्ये उघड्या काचेतून सिंहिणीने पर्यटक महिलेचा जीव घेतला. जुलै २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच पिलानेसबर्गमध्ये एक स्पॅनिश पर्यटक हत्तींचे फोटो काढायला खाली उतरला आणि कळपाने त्याला मारलं.

हत्तीच्या बाबतीत मात्र गाडीला चिलखत समजू नका. मार्च २०२४ मध्ये झांबियातल्या काफुए उद्यानात हत्तीने पाठलाग करून पर्यटकांची गाडी उलटवली आणि एका वृद्ध अमेरिकन महिलेचा मृत्यू झाला. हत्तीची खूण ओळखायला शिका. कान फैलावले, डोकं हलवलं, सोंड वर करून चीत्कार केला, की तो बहुधा दम देतोय. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून, आवाज न करता धावत आला, तर तो खरंच येतोय. डोळा आणि कानाच्या मध्ये ओघळ वाहत असेल आणि मागचे पाय लघवीने ओले असतील तर तो नर माजावर आहे. अशा हत्तीपासून शंभर मीटर अंतरही थोडंच. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये गाडी कधीही येऊ देऊ नका. ड्रायव्हर गाडी तोंड बाहेर करून लावतोय का, मागे निघायला जागा ठेवतोय का, हे बघत राहा. तो मागे घेऊ लागला तर ‘एक फोटो’ म्हणून अडवायचं नाही. त्या क्षणी गाडीत कुणी बोलायचंही नाही.

लघुशंका हा अवघड विषय, पण गाडीतून उतरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच. निघण्यापूर्वी कॅम्पवर जाऊन या. वाटेत वेळ आलीच तर ड्रायव्हरला निःसंकोच सांगा. तो मोकळ्या जागी गाडी नेतो, आधी एक चक्कर मारून झुडपं बघतो, मगच थांबतो. गाडीच्या अगदी मागे, चाकाला लागूनच बसायचं. आडोसा हवा म्हणून झुडपाकडे जायचं नाही, कारण जनावरालाही तोच आडोसा हवा असतो. बाकीच्यांनी उरलेल्या तिन्ही दिशांना नजर ठेवायची.

पायी सफारी मारा अभयारण्यात करता येत नाही, आजूबाजूच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये, म्हणजे खासगी राखीव जंगलांमध्ये, बंदूकधारी गाइडसोबत करता येते. एका रांगेत, न बोलता चालायचं आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. सोबत नऊ वर्षांचं मूल असताना हा बेत रद्दच करा.

नैवाशात दोन गोष्टी जपा. पाणघोडा दिवसा पाण्यात आणि रात्री लॉजच्या हिरवळीवर चरायला येतो. घाबरला की तो पाण्याकडे धावतो, त्यामुळे पाणघोडा आणि तळं यांच्या मधल्या वाटेवर उभं राहणं म्हणजे मृत्यूच्या वाटेत उभं राहणं. बोटीत लाइफ जॅकेट बक्कल लावून घाला आणि नावाड्याला पाणघोड्यांच्या कळपापासून लांबून न्यायला सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे जवळच्या हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानातली अरुंद घळ. वर डोंगरात पाऊस पडला की खाली आकाश कोरडं असताना लोंढा येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे पर्यटक वाहून गेले. ढग दिसले तर घळीत उतरू नका. वाहत्या पाण्यातून गाडी घालायलाही तयार होऊ नका. १ मे २०२४ ला तालेक नदीला पूर येऊन माऱ्यातले कॅम्प बुडाले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. ऑगस्ट तुलनेने कोरडा असतो. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ.

कुंपण नसलेला तंबू

असा तंबू सुरक्षित असतो, तो नियमांमुळे. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही. जेवायला जाताना आणि परतताना आस्करी, म्हणजे कॅम्पचा राखणदार, सोबत येतो. बोलवायला टॉर्चचा इशारा, शिट्टी किंवा वॉकी-टॉकी असतो. पोचल्यापोचल्या त्याची पद्धत विचारून घ्या. चेन रात्री पूर्ण खाली, दोन्ही थरांची. बाहेर सळसळ झाली म्हणून चेन उघडून बघायचं नाही, ते बहुधा चरणारं जनावर असतं आणि आपोआप पुढे जातं. मुलाने आई किंवा वडिलांच्या तंबूतच झोपायचं, वेगळ्या तंबूत आजी-आजोबांसोबतही चालेल, पण एकटं नाही. संध्याकाळी कॅम्पमध्ये त्याला पळू देऊ नका. पळणारी लहान आकृती बिबट्याला किंवा तरसाला सावज वाटू शकते.

आपली मराठी खोड म्हणजे खाऊ. चकल्या, लाडू, ठेपले, शेव यांची पिशवी तंबूत ठेवलीत की पहिल्या दुपारीच बबून चेन उघडून आत शिरतात. त्यांना चेन उघडता येते. खाऊ कॅम्पच्या ऑफिसात द्या किंवा गाडीच्या बंद डब्यात ठेवा. माकड चावलं, ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सकाळी बूट झटकून घाला. रात्री चप्पल न घालता, बंद बूट घालून आणि टॉर्च लावून चाला. पफ अ‍ॅडर हा विषारी साप वाटेवर निपचित पडून राहतो, पायाखाली आला की मगच चावतो. भारतातली सर्पविषाची लस आफ्रिकेतल्या सापांना चालत नाही, म्हणून बॅगेत काही नेण्याचा विचार नको. अवयव हलवायचा नाही, कापायचं-चोखायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

लस, गोळ्या, माश्या

पीतज्वराची (यलो फीव्हर) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमानुसार ते आयुष्यभर चालतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि मुंबईत गर्दीच्या हंगामात तारखा लवकर भरतात, म्हणून महिनाभर आधीच नंबर लावा. केनियातून टांझानियात शिरताना प्रमाणपत्र मागतात. भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आता तुमच्या आई-वडिलांचा प्रश्न: साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर लस देत नाहीत. डॉक्टरचं सवलतपत्र मिळालं तरी मुंबई विमानतळावर ते चालेलच असं गृहीत धरू नका. विमानतळ आरोग्य कार्यालयाला आधी लेखी विचारा, मगच तिकीट काढा. सोबत टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लशींचंही बघून घ्या.

मलेरिया इथे फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे मारक. क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. डॉक्टर बहुधा दोनपैकी एक गोळी देतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज आणि परतल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिनही निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, पण परतल्यावर चार आठवडे. डॉक्सिसायक्लिन पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत व्रण होतात. ऊन सहन होत नाही, कातडी भाजते. आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलाचा डोस वजनावरून ठरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वडिलांच्या डॉक्टरला आधी सांगा. गोळी एकटी पुरत नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि २० ते ३० टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम हवंच. आधी सनस्क्रीन, मग पंधरा मिनिटांनी मलम.

त्सेत्से माशी दिवसा चावते आणि जाडसर कपड्यातूनही सुई टोचल्यासारखी दुखते. तिला गडद निळा आणि काळा रंग ओढतो, म्हणून उद्यानांत निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतात. जीन्स घरी ठेवा, खाकी किंवा मातकट रंग घ्या. लष्करी छापाचे कपडे मात्र मुळीच नकोत, काही आफ्रिकी देशांत ते सामान्य माणसाने घालणं गुन्हा आहे. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅग बंद आहेत. खाऊ कापडी पिशवीत भरा. परवान्याशिवाय ड्रोनही नेऊ नका.

आजारपण आलं तर

प्रवास विम्यात ‘हवाई रुग्णवाहिका’ लिहिलेलं असतं, पण ती माऱ्याच्या धावपट्टीपासून नैरोबीपर्यंत आहे का, आणि कुणाच्या मंजुरीने, हे विचारा. नैरोबीची आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था १९५७ पासून हेच काम करते आणि पर्यटकांना अल्प मुदतीचं संरक्षण देते. ते वेगळं घ्या, खर्च मामुली आहे. रक्तदाब, मधुमेह आधीपासून असेल तर अर्जात लपवू नका, दावा तिथेच फेटाळतात. माऱ्यातल्या धावपट्ट्या कच्च्या आणि बिनदिव्यांच्या. दुपारी छातीत दुखायला लागलं तर संध्याकाळपर्यंत ‘बघू’ म्हणत बसू नका, अंधारात विमान उतरत नाही. इन्शुलिन थंड डब्यात न्या. बऱ्याच कॅम्पमध्ये रात्री जनरेटर बंद होतो, म्हणून झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन वापरणाऱ्याने आधी विचारावं. न्गोरोन्गोरोची कड सुमारे २,३०० मीटरवर आहे. तिथे दम लागतो आणि पहाटे कडाक्याची थंडी असते. आई-वडिलांना स्वेटर, कानटोपी आणि सावकाश पावलं.

परतल्यानंतर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर तो व्हायरल समजून अंगावर काढू नका. त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा आणि डॉक्टरला ‘आफ्रिकेतून आलोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप कायम राहिला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा, अशी एकूण तीनदा.